कोणी केलं?

आठवीच्या वर्गात फळ्यावर 'सीमा ब्रोक द कप' असं वाक्य लिहावं, 'सीमा' या शब्दाखाली रेघ ओढावी आणि मुलांना सांगावं, की अधोरेखित शब्द उत्तर म्हणून येईल असा प्रश्न तयार करा. महाराष्ट्रातल्या शाळांत हा सराव सगळ्यांच्या ओळखीचा आहे. बऱ्याच वह्यांत उत्तर येतं, 'हू डिड ब्रोक द कप?' ज्यांनी क्रियापदाची रूपं नीट पाठ केली आहेत ती मुलं लिहितात, 'हू डिड ब्रेक द कप?' आणि मागच्या बाकावरचं एखादं मूल, ज्याला प्रश्नाचा नियम कधी पाठच झाला नाही, ते सीमाचं नाव काढून तिथे 'हू' ठेवतं आणि मोकळं होतं. 'हू ब्रोक द कप?'

बरोबर उत्तर त्या मागच्या बाकावरच्या मुलाचं आहे.

अभ्यास केलेली मुलं चुकतात आणि नियम न आलेलं मूल बरोबर ठरतं, तेव्हा मुलांना बोल लावून उपयोग नसतो. आधी तो पाठ करून घेतलेला नियम तपासायला हवा. नियम असा सांगितला जातो: इंग्रजीत प्रश्न विचारायचा तर साध्या वर्तमानकाळात डू किंवा डज, साध्या भूतकाळात डिड, आणि त्यापुढे क्रियापदाचं मूळ रूप. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं सांगायचं तर हा डू मुळात येतो कशासाठी, ते आधी सांगावं लागतं.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. 'सीमाने काल कप फोडला.' या वाक्यातल्या एकेका शब्दावर प्रश्न विचारून पाहा. कोणी काल कप फोडला? सीमाने कधी कप फोडला? सीमाने काल काय फोडलं? ज्याबद्दल विचारायचं तो शब्द उचलला आणि त्याच जागी प्रश्नाचा शब्द बसवला. बाकीचे शब्द जागचे हलले नाहीत. क्रियापद शेवटी होतं, ते शेवटीच राहिलं. मराठी प्रश्न हा असा रिकाम्या जागा भरण्यासारखा असतो. जागा तीच, तिथे नावाऐवजी 'कोण', 'काय', 'कधी' येतं.

ही सवय घेऊन मूल इंग्रजीकडे जातं तेव्हा 'व्हेअर यू आर गोइंग?' म्हणतं. शिक्षक ते सुधारतात आणि सुधारायलाच हवं. पण इंग्रजीत एका जातीचा प्रश्न असा आहे, की तो हुबेहूब मराठी पद्धतीने बनतो. तो म्हणजे कर्त्याबद्दलचा प्रश्न. तिथे मराठी मुलाची उपजत सवय शंभर टक्के बरोबर असते आणि शिकवण्याच्या भरात आपण तीही मोडून टाकतो. हे प्रकरण लिहिण्याचं कारण एवढंच आहे.

कर्ता ओळखायची युक्ती आपण मराठीच्या तासाला शिकलेलो असतो. क्रियापदाच्या धातूला 'णारा' लावायचा आणि 'कोण?' असं विचारायचं. फोडणारा कोण? सीमा. धावणारा कोण? घोडा. पडणारं काय? पान. ही युक्ती इंग्रजी वाक्यालाही तितकीच लागू पडते आणि प्रश्न बनवताना ती फार उपयोगी आहे. ज्याची चौकशी करायची तो 'णारा'च असेल, तर विधानाची रचना जशीच्या तशी ठेवायची. फोडणारा माहीत नाही, म्हणून 'हू ब्रोक द कप?' पण फोडणारी माहीत आहे आणि फुटलेली वस्तू माहीत नाही, तर 'व्हॉट डिड सीमा ब्रेक?' दोन्ही प्रश्न भूतकाळातले, दोन्ही एकाच घटनेबद्दलचे. डिड मात्र एकातच आला.

आता तो का आला ते पाहू. इंग्रजीत प्रश्न करताना एक साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी नेतात. 'यू आर गोइंग' मधला 'आर' उचलून पुढे नेला की 'आर यू गोइंग?' होतं. 'शी कॅन स्विम' मधला 'कॅन' पुढे गेला की 'कॅन शी स्विम?' होतं. अडचण येते ती 'सीमा ब्रोक द कप' सारख्या वाक्यात. इथे उचलायला साहाय्यक क्रियापदच नाही. एकच शब्द आहे, 'ब्रोक', आणि त्यात क्रिया आणि काळ एकमेकांत मुरलेले आहेत. इंग्रजी भाषा मग काय करते? काळ तेवढा वेगळा काढते आणि सीमाच्या पुढे ठेवते. पण काळ म्हणजे नुसता प्रत्यय. त्याला टेकायला क्रियापद लागतं. तिथे टेकू म्हणून डू येतो, काळ त्याला चिकटतो आणि डिड तयार होतो. काळ निघून गेल्यामुळे मागे राहिलेलं क्रियापद मूळ रूपात उघडं पडतं: ब्रेक. म्हणूनच 'डिड ब्रोक' चुकीचं. एकच भूतकाळ दोन ठिकाणी असू शकत नाही. नोम चॉम्स्की यांच्या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' या छोट्या पुस्तकात डूचं स्पष्टीकरण याच धर्तीचं आहे. एकटा पडलेला काळाचा प्रत्यय वाहून नेणं हे डूचं काम.

हे एकदा ध्यानात आलं, की कर्त्याच्या प्रश्नात डू का नाही हे वेगळं पाठ करावं लागत नाही. 'हू ब्रोक द कप?' या प्रश्नात 'हू' हाच कर्ता आहे आणि तो आधीच वाक्याच्या तोंडाशी बसला आहे. त्याच्या पुढे काही न्यायचं नाही, म्हणून काळ क्रियापदापासून तुटत नाही, म्हणून टेकू लागत नाही.

नकारार्थी प्रश्नाचंही कोडं यातच सुटतं. 'कोण आलं नाही?' याचं इंग्रजी 'हू डिडन्ट कम?' असं होतं. कर्त्याबद्दलचाच प्रश्न, तरी डिड आला. अनेक शिक्षक इथे 'अपवाद' असं लिहून पुढे जातात. तो अपवाद नाही. 'नॉट' हा शब्द काळ आणि क्रियापद यांच्या मधे शिरला, दोघांची ताटातूट झाली आणि टेकू लागला. 'सीमा डिडन्ट कम' या साध्या विधानात, जिथे प्रश्नाचा संबंधच नाही, तिथेही तो याच कारणाने येतो. म्हणजे डू हा प्रश्नाचा शिक्का आहे ही समजूतच मुळात काढून टाकायला हवी.

व्याकरणाचा हा बारकावा अर्थाशी खेळतो, म्हणून त्याची हयगय करू नये. हे दोन प्रश्न शेजारी ठेवा: 'हू हिट यू?' आणि 'हू डिड यू हिट?' पहिल्याचा अर्थ 'तुला कोणी मारलं?' आणि दुसऱ्याचा 'तू कोणाला मारलंस?' चौकीत बसलेल्या माणसाला यातला कोणता प्रश्न विचारला यावर तो फिर्यादी की आरोपी हे ठरतं. मराठीत हा फरक विभक्तीचे प्रत्यय सांभाळतात. 'कोणी' आणि 'कोणाला' या रूपांतच सगळं आलं. शब्द मागेपुढे झाले तरी बिघडत नाही. 'मारलं कोणी तुला?' म्हणा किंवा 'तुला मारलं कोणी?' म्हणा, मार खाणारा बदलत नाही. इंग्रजीत 'हू' चं रूप दोन्हीकडे एकच. फरक कळायचा कसा? त्यापुढच्या शब्दावरून. 'हू' ला लागूनच मुख्य क्रियापद ऐकू आलं तर करणारा 'हू'. 'हू' नंतर डिड ऐकू आला तर ऐकणारा सावध होतो, की कर्ता अजून यायचा आहे, आणि लगेच 'यू' येतो. 'हू डिड ब्रेक द कप?' ऐकताना इंग्रजी कानाला ठेच लागते ती इथे. डिड ऐकून तो कर्त्याची वाट पाहतो आणि कर्ता येतच नाही.

इंग्रजीवर ही पाळी का आली, ही मोठी रंजक हकीकत आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विभक्तीची रूपं होती. 'कोण' साठी 'ह्वा', कर्म असेल तर 'ह्वोने', आणि 'कोणाला' या चतुर्थीच्या अर्थाने 'ह्वाम'. पुढच्या काही शतकांत हे प्रत्यय झिजले. 'ह्वाम' तेवढा 'हूम' होऊन उरला आणि तोही आता रोजच्या बोलण्यातून जवळपास गेला आहे. आज बहुतेक इंग्रज 'हू डिड यू मीट?' असंच म्हणतात. प्रत्यय गेले तसं त्यांचं काम शब्दांच्या जागेवर पडलं. क्रियापदाच्या आधी असेल तो कर्ता, नंतर असेल ते कर्म.

डूचा प्रवेश त्यानंतरचा. जुन्या इंग्रजीत प्रश्न करताना मुख्य क्रियापदच उचलून कर्त्याच्या आधी नेत. 'व्हॉट से यू?' ही रचना तेव्हाची. जर्मन भाषा अजूनही तसंच करते. पुण्यात जर्मन शिकणारा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात 'वो वोनेन झी?' शिकतो, शब्दशः 'कुठे राहता तुम्ही?' तिथे डूसारखं काही नाही. इंग्रजीत मात्र मध्ययुगात प्रश्नांत आणि नकारांत डू येऊ लागला आणि सोळाव्या शतकात त्याने चांगलाच जोर धरला. आल्व्हार एलेगोर्ड या स्वीडिश अभ्यासकाने जुन्या इंग्रजी ग्रंथांतली हजारो उदाहरणं मोजून 1953 साली या वाढीचा आलेख मांडला. 1400 ते 1700 या काळात डू कुठे, कसा पसरला ते त्यात दिसतं. शेक्सपियरच्या नाटकांत जुनी आणि नवी दोन्ही पद्धतींची वाक्यं शेजारी शेजारी सापडतात, कारण तो या बदलाच्या ऐन मध्यावर लिहीत होता.

एवढ्या उलथापालथीत कर्त्याचा प्रश्न जागचा हलला नाही. त्यात पुढे न्यायचं काही नव्हतंच, तर बदलणार काय? 'हू नोज?' हा प्रश्न जुन्या इंग्रजीत 'ह्वा वाट?' असा होता. शब्द बदलले, पण रचना तीच आहे. आणि मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावं. 'कोण जाणतो?' याला संस्कृतात म्हणतात 'कः वेद?' यातला 'कः' आणि इंग्रजी 'ह्वा' एकाच मुळातून आलेले, 'वेद' आणि 'वाट' हेही एकाच मुळातले. मूळ भाषेतला 'क' जर्मानिक शाखेत 'ह' कडे वळला. याकोब ग्रिम याने 1822 साली मांडलेल्या ध्वनिनियमांत हा बदल बसतो. इंग्रजीचे 'हू', 'व्हॉट', 'व्हेअर', 'व्हेन' आणि आपले 'कोण', 'काय', 'कुठे', 'केव्हा' ही अशी चुलत भावंडं आहेत. इंग्रजी प्रश्नार्थक शब्दांच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यूच्या मागे एच का दडलेला असतो, हे पाठ करताना वैतागलेल्या मुलाला ही गोष्ट जरूर सांगावी.

दोन भाषांच्या रचनेतलं हे साम्य दाखवायला माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण टीव्हीवरचं आहे. ब्रिटनमध्ये 1998 साली एक प्रश्नमंजूषा सुरू झाली, 'हू वॉन्ट्स टु बी अ मिलिएनेअर?' तिचंच हिंदी रूप 2000 साली आलं, 'कौन बनेगा करोडपती'. मग 2013 मध्ये मराठीत 'कोण होईल मराठी करोडपती'. तिन्ही शीर्षकं कर्त्याचे प्रश्न आहेत आणि तिन्हींत पहिला शब्द प्रश्नाचा, दुसरा क्रियापदाचा. 'हू डज वॉन्ट' असं तिथे कोणी लिहिलेलं नाही. 'वॉन्ट' ला एस लागलेला आहे, हेही पाहण्यासारखं. साध्या वर्तमानकाळात 'हू' हा तृतीयपुरुषी एकवचनी कर्ता धरतात, म्हणून 'हू लिव्ह्ज हिअर?', 'हू टीचेस यू इंग्लिश?' मुलं हा एस विसरतात, कारण 'प्रश्नात एस डजकडे जातो' हे त्यांनी घोकलेलं असतं. इथे डज नाही, तेव्हा एस जाणार कुठे? तो क्रियापदापाशीच राहतो.

रहस्यकथांचा तर सगळा डोलाराच कर्त्याच्या प्रश्नावर उभा असतो. खून झाला हे ठाऊक, कोणाचा झाला हे ठाऊक, करणारा कोण? इंग्रजीत अशा कथेला 'हूडनिट' म्हणतात. 'हू डन इट' या बोलीतल्या प्रश्नाचा, 1930 च्या सुमारास अमेरिकेत रूढ झालेला हा शब्द. समीक्षक एडमंड विल्सन यांना रहस्यकथा मुळीच आवडत नसत. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या 1926 च्या एका कादंबरीतल्या खुनाचा उल्लेख करून त्यांनी 1945 साली 'न्यूयॉर्कर' मध्ये लेख लिहिला, 'हू केअर्स हू किल्ड रॉजर अ‍ॅक्रॉइड?' या एका शीर्षकात कर्त्याचे दोन प्रश्न आहेत, एकाच्या पोटात दुसरा. पोटातल्या प्रश्नाचंही काही बदललेलं नाही. 'व्हेअर डज ही लिव्ह?' हा प्रश्न 'आय डोन्ट नो' च्या पुढे नेला की 'व्हेअर ही लिव्ह्ज' करावा लागतो. 'हू किल्ड हिम' मात्र बाहेर जसा तसाच आत.

काही ठिकाणी 'णारा' जरा लपलेला असतो. 'विच ट्रेन गोज टु नाशिक?' यात जाणारी ट्रेनच, म्हणून डू नाही. 'विच ट्रेन डिड यू टेक?' यात पकडणारा 'यू', म्हणून डिड. 'हाउ मेनी स्टुडंट्स पास्ड?' आणि 'हाउ मेनी स्टुडंट्स डिड यू टीच?' यांतही तोच फरक. 'हूज डॉग बिट हिम?' मध्ये चावणारा कुत्रा आहे, विचारलंय ते त्याच्या मालकाबद्दल, पण कर्त्याच्या पदरातच तो प्रश्न असल्यामुळे रचना विधानाचीच राहते. 'हू डू यू थिंक ब्रोक द कप?' हे वाक्य सगळ्यात कसोटीचं. यात दोन क्रिया आहेत. विचार करणारा 'यू', त्याच्यासाठी डू आला. फोडणारा अज्ञात, म्हणून 'ब्रोक' ला हात लावलेला नाही. एकाच वाक्यात दोन्ही नियम शेजारी नांदतात. दहावीच्या मुलांना हे वाक्य फोडून दाखवलं तर त्यांची समज चांगलीच पक्की होते.

आपल्याकडच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. 'कोण कोण येणार आहे?' ही मराठी द्विरुक्ती फार सोयीची आहे. एकापेक्षा जास्त माणसं अपेक्षित आहेत हे ती न सांगता सांगते. इंग्रजीत तशी सोय नाही, म्हणून भारतीय इंग्रजीत 'हू ऑल आर कमिंग?' रूढ झालं. बोलताना ते खुशाल वापरावं, सगळ्या देशाला कळतं. परीक्षेत मात्र 'हू इज कमिंग?' लिहावं. उत्तरात दहा नावं आली तरी हा प्रश्न एकवचनीच राहतो. आपणही दार वाजलं की 'कोण आलंय?' असं नपुंसकलिंगी एकवचनात विचारतो. बाहेर आत्या असो, मामा असो किंवा सगळं वऱ्हाड असो.

एक ठिकाण असं, की तिथे 'हू डिड ब्रेक इट?' चालतं. सीमा म्हणते मी नाही, राजू म्हणतो मी नाही, आणि आई वैतागून विचारते, 'मग फोडला तरी कोणी?' हा 'तरी' इंग्रजीत डिडवर जोर देऊन येतो: 'देन हू डिड ब्रेक इट?' म्हणजे हे वाक्य व्याकरणात बसतं, पण त्या एकाच प्रसंगी. साध्या चौकशीला ते चालत नाही. उत्तरातला डिड वेगळा. 'हू ब्रोक द कप?' याचं छोटं उत्तर 'सीमा डिड' असं येतं, तिथे डिड 'ब्रोक द कप' या सगळ्याची जागा घेतो. मला वाटतं, उत्तरातला हा डिड ऐकून काही मुलं तो प्रश्नातही घालत असावीत.

आणि खरं म्हणजे ही रचना आपल्या सगळ्यांच्या तोंडात आधीपासून आहे. इंग्रजीची भीती वाटणारा माणूसही 'व्हॉट हॅपन्ड?' बिनचूक म्हणतो. 'व्हॉट डिड हॅपन?' असं सहसा कोणी विचारत नाही. तो शब्दसमूह ऐकून ऐकून आला, नियमातून आलेला नाही, म्हणून शुद्ध राहिला.

2000 सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. सहा वर्षांचं मूल प्रश्न विचारायला शिकतं तेव्हा त्याला आधी काय द्यायचं हे पूर्णपणे शिक्षकाच्या हातात असतं. तेव्हा शिक्षकांना आणि घरी शिकवणाऱ्या आईवडिलांना एक विनंती आहे. पहिले काही दिवस फळ्यावर डू लिहूच नका. कर्त्याचे प्रश्न आधी घ्या, 'हू हॅज अ रेड बॅग?', 'हू केम लेट?', 'हू लाइक्स मँगोज?', 'हू वॉन्ट्स वॉटर?' मुलांना त्यासाठी कोणताही नवा नियम लागणार नाही, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर समोर बसलेल्या कोणाचं तरी नाव असेल.